पिल्लांचा आहारबदल
कुत्र्याच्या पिल्लाला कच्च्या मांसावरून कोरड्या दाणेदार खाद्यावर टप्प्याटप्प्याने आणण्याच्या प्रक्रियेस आहारबदल म्हणतात. नेवासा परिसरासह ग्रामीण महाराष्ट्रात पिल्लांना भाकरी व दूध देण्याची रूढी असून तयार खाद्याचा वापर तुलनेने अलीकडचा आहे.

कारणे
हाडविरहित मांसात कॅल्शियम अत्यल्प व फॉस्फरस अधिक असतो. केवळ अशा मांसावर वाढलेल्या पिल्लाची हाडे ठिसूळ होतात. कच्च्या मांसातील साल्मोनेलासारखे जिवाणू घरातील माणसांपर्यंतही पोहोचू शकतात.

पद्धत
हा बदल साधारणतः ७ ते १० दिवसांत केला जातो. नव्या खाद्याचे प्रमाण २५ टक्क्यांपासून सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी ५०, ७५ व अखेरीस १०० टक्के केले जाते. शौच पातळ झाल्यास पुढचा टप्पा लांबवतात. मांसात सुमारे ७० टक्के, तर कोरड्या दाण्यांत सुमारे १० टक्के पाणी असते. म्हणून पिण्याचे पाणी सतत उपलब्ध ठेवणे किंवा दाणे कोमट पाण्यात भिजवून देणे आवश्यक ठरते.

धोक्याची लक्षणे
रक्तमिश्रित जुलाब, वारंवार उलट्या व मरगळ ही आहारबदलाची लक्षणे मानली जात नाहीत. लसीकरण अपूर्ण असलेल्या पिल्लात ती पार्व्हो या विषाणूजन्य रोगाची असू शकतात. उपचाराविना हा रोग बहुधा प्राणघातक ठरत असल्याने पशुवैद्यकाकडे तातडीने नेणे आवश्यक असते.