मारुती ओम्नीच्या इंजिनाची पुनर्बांधणी

मारुती ओम्नीच्या इंजिनाची पुनर्बांधणी म्हणजे दीर्घ वापराने झिजलेले इंजिन पूर्णपणे सुटे करून, प्रत्येक भागाचे मापन करून, आवश्यक तेथे यंत्रकाम करून किंवा भाग बदलून ते पुन्हा ठरलेल्या मापांत जुळवण्याची प्रक्रिया होय. गॅरेजच्या बोलीत या कामाला ‘इंजिन काम’ किंवा ‘ओव्हरहॉल’ म्हणतात. क्रँकशाफ्टला हात न लावता केवळ हेड, पिस्टन व रिंगा यांचे काम केल्यास त्याला ‘हाफ इंजिन’ असे म्हटले जाते.

वाहन व इंजिन

मारुती उद्योग या कंपनीने ही व्हॅन १९८४ साली बाजारात आणली. १९८८ पासून ती ‘ओम्नी’ या नावाने विकली जाऊ लागली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. शाळकरी मुलांची ने-आण, रुग्णवाहिका व किरकोळ मालवाहतूक यांसाठी तिचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. तिचे एफ८बी हे पेट्रोल इंजिन तीन सिलिंडरांचे असून त्याची क्षमता ७९६ घनसेंमी आहे. सिलिंडरचा व्यास (बोअर) ६८.५ मिमी व पिस्टनची धाव (स्ट्रोक) ७२ मिमी आहे. ब्लॉक बिडाचा, तर हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. हेडवरील कॅमशाफ्ट दातेरी टायमिंग पट्ट्याने फिरतो. इंजिन पुढील आसनांच्या खाली बसवलेले असल्याने आसने उचलून किरकोळ कामे करता येतात. पुनर्बांधणीसाठी मात्र ते सामान्यतः खालच्या बाजूने उतरवले जाते.

झिजेची कारणे

सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी होत नाही. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून क्षणभर थांबतो. तेथे तेलाचा थर सर्वांत पातळ आणि वायूचा दाब व उष्णता सर्वांत जास्त असते. त्यामुळे वरच्या रिंगेच्या वळणाच्या जागी बोअर अधिक झिजतो व सिलिंडर वर रुंद, खाली अरुंद असा निमुळता होतो. नादुरुस्त एअर फिल्टरमधून आत जाणारी धूळ आणि वेळेवर न बदललेले तेल यांमुळे ही झीज वेगाने वाढते. शीतक कमी पडून इंजिन तापल्यास अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते.

निदान

धुराच्या रंगावरून पहिला अंदाज बांधता येतो. वेग वाढवताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा व बोअर यांचा संशय घ्यावा लागतो. बराच वेळ उभे असलेले इंजिन सुरू करताना निळा धूर येऊन लगेच नाहीसा होत असेल, तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या तेलसीलमध्ये असतो. दाट पांढरा धूर आणि शीतकाची घट ही हेड गॅस्केट गेल्याची खूण आहे. काळा धूर मात्र झिजेमुळे नव्हे, तर जास्त इंधनामुळे येतो.

खात्रीसाठी कॉम्प्रेशन चाचणी करतात. गरम इंजिनाचे सर्व स्पार्क प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला जातो. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला, तर गळती रिंगांकडून आहे. तो वाढला नाही, तर ती व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटकडून आहे. केवळ तेलसील बदलण्याचे काम असताना संपूर्ण इंजिन उघडण्याचा खर्च या चाचणीमुळे टळतो.

मापन व यंत्रकाम

इंजिन उघडल्यावर बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये व खाली अशा तीन पातळ्यांवर, क्रँकशाफ्टच्या अक्षाच्या दिशेने व त्याला काटकोनात मोजतात. निमुळतेपणा व लंबगोलपणा मर्यादेत असल्यास हलके होनिंग करून नव्या रिंगा बसवता येतात. मर्यादा ओलांडल्यास बोअर मोठा करून ०.२५ किंवा ०.५० मिमी जादा मापाचे पिस्टन घालावे लागतात.

खर्च वाचवण्यासाठी निमुळत्या बोअरमध्येच नव्या रिंगा घालण्याची पद्धत फसवी ठरते. प्रत्येक धावेत रिंगेला उघडत-मिटत राहावे लागते, ती भिंतीला नीट टेकत नाही आणि थोड्याच काळात तेल पुन्हा जळू लागते. व्हॅनवर उदरनिर्वाह असलेल्या मालकाला मग तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते.

बोअर केल्याने शक्ती वाढते, हा समज फारसा खरा नाही. व्यास ०.५० मिमीने वाढल्यास क्षमता सुमारे ८०८ घनसेंमी होते. म्हणजे वाढ केवळ दीड टक्क्याची असते.

क्रँकशाफ्टचे जर्नल मायक्रोमीटरने मोजून गरजेनुसार घासले जातात व त्यानुसार कमी मापाची बेअरिंगे बसवतात. हेडचा सपाटपणा सरळपट्टी व फीलर गेजने तपासून आवश्यक असल्यास त्याचे फेसिंग करतात. व्हॉल्व्ह व त्यांच्या बैठका घासून हवाबंद केल्या जातात.

जुळणी

बेअरिंगांच्या टोप्या आपापल्या जागी व मूळ दिशेनेच बसवाव्या लागतात. प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या टोकांमधील फट मोजतात आणि पिस्टनवर या फटी एका रेषेत येणार नाहीत अशी योजना करतात. हेडचे बोल्ट मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळतात. टायमिंग पट्टा खुणा जुळवून बसवतात. सोबत पाण्याचा पंपही तपासला जातो. नव्या इंजिनावर सुरुवातीला जड भार टाकत नाहीत, सतत एकाच वेगाने ते चालवत नाहीत आणि पहिले तेल लवकर बदलतात, कारण त्यात धातूचे सूक्ष्म कण उतरलेले असतात.

नोंदणी व प्रदूषण

भारतात खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढील नूतनीकरणापूर्वी वाहनाची तपासणी होते. तेल जाळणाऱ्या इंजिनाच्या धुरात हायड्रोकार्बनचे प्रमाण वाढत असल्याने प्रदूषण नियंत्रण चाचणीतही अडचण येते. इंजिनाचा क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असून नोंदणी प्रमाणपत्रातही असतो. मूळ ब्लॉक राखून केलेल्या पुनर्बांधणीत तो कायम राहतो. संपूर्ण इंजिन बदलल्यास मात्र त्याची नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते.