आधी वडील, मग आई
कौटुंबिक न्यायालयात मी समुपदेशक होते. ताब्याचा अर्ज घेऊन आलेल्या आयांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असे, “मॅडम, पाच वर्षं पूर्ण झाली की ते मुलाला घेऊन जातील का हो?” ही भीती 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातून आलेली. त्याच्या कलम 6मध्ये क्रम दिला आहे: आधी वडील, त्यांच्यानंतर आई, पाच वर्षांखालचं मूल मात्र साधारणपणे आईजवळ. पण मुलाचं हित सर्वांत वर, असं सांगणारं कलम 13ही त्याच कायद्यात आहे. ते या बायकांना कुणी वाचून दाखवलेलं नसे. मी दाखवायची.

आधी वडील, मग आई हा क्रम 1956च्या कायद्याहूनही जुना. 1890च्या पालक व पाल्य कायद्यात मुलाच्या हिताचा उल्लेख होता, पण वडील हयात असतील आणि नालायक ठरले नसतील, तर कोर्टाने दुसरा पालक नेमू नये, असंही कलम 19 सांगत होतं. म्हणजे आईने पालकत्व मागायचं तर आधी नवऱ्याची नालायकी कोर्टात मांडायची. या कलमात वडिलांच्या जोडीला आईचं नाव यायला 2010 उजाडलं. न्यायाधीश मात्र कायद्याच्या पुढे होते. सरस्वतीबाई वेद यांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्वातंत्र्याच्या आधीच म्हटलं होतं की, बापाचं नाही, आईचंही नाही, फक्त मुलाचं हित पाहायचं. तो निकाल 1941च्या अहवालांत छापलेला आहे आणि आजही वकील तो काढतात.

कलम 6ला खरा धक्का दिला तो लेखिका गीता हरिहरन यांनी. 1984मध्ये त्यांनी मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला. पालक म्हणून सही आईची. नवऱ्याची संमती होती, तरी रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच्यासोबतच वंदना शिवा यांची याचिका ऐकली गेली. त्यांचा घटस्फोटाचा दावा चालू होता आणि मुलाच्या ताब्याचा वाद होता. निकाल लागला फेब्रुवारी 1999मध्ये. वडील हयात असले तरी मुलाकडे लक्ष देत नसतील, तर आईच नैसर्गिक पालक, असं कोर्टाने सांगितलं. हा निकाल मी किती आयांना समजावून सांगितला असेल! विधी आयोगाने 2015मध्ये दोघांना समान पालक माना, संयुक्त ताब्याची तरतूद करा, असं सुचवलं. तरी कलमाचे शब्द तेच राहिले. ते बदललेच पाहिजेत.

ताबा नसलेल्या पालकाने मुलाला भेटण्याचा इतिहास त्या मानाने कोवळा. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा 1984चा, पुण्या-मुंबईत ही न्यायालयं 1989मध्ये सुरू झाली. मग भेटीचे आदेश ठरल्यासारखे होऊ लागले: एका आड एक शनिवार, दिवाळी आणि मे महिन्याची निम्मी सुट्टी, वाढदिवसाला दोन तास. मूल आजारी पडलं, परीक्षा आली, की त्यावरून पुन्हा अर्ज.

जानेवारी 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, ज्याच्याकडे ताबा नाही त्यालाही रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता आलं पाहिजे, जमेल तिथे व्हिडिओ कॉलवर. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि प्रत्यक्ष भेटी थांबल्या. सल्ला विचारायला येणाऱ्यांना मी आजही सांगते: ही दहा मिनिटं आदेशात नीट लिहून घ्या. वेळ कोणती, फोन कुणाचा, आणि मूल बोलत असताना शेजारी बसून कुणी ऐकायचं नाही, हेसुद्धा.