हेन्डरसनचा मोटारमांडव

ऑक्लंड शहराच्या पश्चिमेस, वायटाकेरे डोंगररांगांच्या पायथ्याशी वसलेल्या हेन्डरसनचा इतिहास सांगणारे थॉमस हेन्डरसनच्या लाकूडगिरणीपासून प्रारंभ करतात, 1880 साली आलेल्या आगगाडीचा आदराने उल्लेख करतात आणि लेबनॉनहून आलेल्या कॉर्बन घराण्याच्या व डाल्मेशियातून आलेल्या बाबिच घराण्याच्या द्राक्षमळ्यांत बराच काळ रमतात; परंतु याच गावात घराच्या मागील अंगणी चार खांब रोवून, वर ताडपत्री ताणून, तिच्या आश्रयाने मोटार दुरुस्त करण्याचा जो प्रघात पडला, त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. ज्या वास्तूवर सारा बसत नाही, तिला दप्तरात जागा मिळणे कठीणच.

तात्पुरत्या आसऱ्याची सवय या भूमीला मोटारीच्या पुष्कळ आधीपासून होती. कौरी वृक्षाचा जमिनीत गाडला गेलेला डिंक खणून काढणारे मजूर निकाऊ ताडाच्या झावळ्यांच्या किंवा गोणपाटाच्या झोपड्यांत राहत, आणि एका जागचा डिंक संपला की बिऱ्हाड उचलून पुढे जात. त्यांचा मांडव माणसासाठी होता. मोटारीसाठी मांडव घालण्याची वेळ आली ती सरकारी हुकुमांमुळे, असे माझे मत आहे.

1937 साली न्यूझीलंड सरकारने प्रत्येक मोटारीस ठरावीक मुदतीने तपासणीचा दाखला सक्तीचा केला, आणि 1938 च्या अखेरीस, परकीय चलनाची चणचण भासू लागताच, आयातीवर परवानापद्धती लादली. एका फर्मानाने गाडी सुस्थितीत ठेवण्याचा आग्रह धरला, दुसऱ्याने नवी गाडी दुर्मीळ करून टाकली. ज्याच्यापाशी परदेशात शिल्लक असलेला पैसा होता त्याला नवी मोटार लवकर मिळे, इतरांनी वर्षानुवर्षे वाट पाहावी; परिणामी वापरलेली मोटार नव्या मोटारीच्या किमतीहून अधिक भावाने विकली जाण्याचा चमत्कार त्या देशाने पाहिला. अशा स्थितीत सामान्य गृहस्थाने आपली जुनी मॉरिस वा ऑस्टिन स्वतःच उघडून बसावे, हे ओघानेच आले. पाव एकराचे अंगण होते, कारागिराची मजुरी महाग होती, आणि कित्येक घरांना गॅरेज नव्हते. उणीव होती ती केवळ छपराची, कारण हेन्डरसनच्या डोंगरावर अडणारा पाऊस कामाची वेळ पाहून पडत नाही.

या मांडवाची उभारणी दिसते तितकी सोपी नव्हे. कुंपणासाठी घडवलेले, तीन पात्यांचे लोखंडी खुंट, ज्यांना तेथे ‘वाराटा’ म्हणतात, ते चिकणमातीत घणाने ठोकायचे, त्यांना नळ्या बांधायच्या आणि मधला कणा बाजूंहून हातभर उंच ठेवायचा. हा उतार चुकला की ताडपत्रीच्या पोटात पाणी साचते, पोट लोंबते आणि एखाद्या रात्री सगळा डोलारा बॉनेटवर बसतो. ओल्या मातीत जॅक रुतू नये म्हणून त्याखाली जाड फळी घालावी लागते, आणि जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये म्हणून घोड्या लावाव्या लागतात. नैर्ऋत्येच्या वाऱ्यासाठी एका अंगाला कनातही हवी, कारण गंजलेला पत्रा कापून नवा जोडताना वेल्डिंगच्या जोडावर सोडलेला रक्षक वायू वारा उडवून नेतो आणि जोड सच्छिद्र राहतो. रंगकामाची व्यथा आणखी निराळी: दमट हवेत लॅकर मारले तर वाळता वाळता त्यावर पांढुरकी झाक चढते, आणि प्लॅस्टिकच्या छतातून सकाळी टपकणारे दव आदल्या दिवशी घासून गुळगुळीत केलेल्या लांबीवर नेमके पडते. गंज हाच या सर्व खटाटोपाचा खरा धनी; सांगाड्याला भोक पडलेले दिसले की तपासनीस दाखला नाकारी.

तात्पुरता मांडव उभारण्याची ही विद्या आपल्याकडे मात्र राजाश्रयाने नांदली. मराठी राज्याच्या अठरा कारखान्यांत डेरे, राहुट्या, कनाती आणि बिछायती यांचा सांभाळ करणारा फरासखाना हा स्वतंत्र कारखाना होता, आणि पुण्यात पोलीस चौकीच्या रूपाने त्याचे नाव आजही टिकून आहे. तेथे हुजुरास लागणाऱ्या राहुटीचा हिशेब ठेवणारा कारकून असे. हेन्डरसनच्या गृहस्थापाशी कारकूनही नाही आणि फर्राशही नाही, दोर ताणताना शेजारी हात देतो तेवढेच.

1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आयातीची बंधने सैल झाली, जपानच्या वापरलेल्या गाड्या मोठ्या संख्येने येऊ लागल्या, आणि 1998 मध्ये देशातील मोटारजोडणीचे अखेरचे कारखाने बंद पडले. जुनी गाडी जगवण्याची निकड त्यामुळे सरली. उरला तो छंद, विशेषतः होल्डन आणि फोर्डच्या आठ नळकांड्यांच्या गाड्यांचा, ज्यांच्यावरून पश्चिम ऑक्लंडच्या लोकांची बाकीचे शहर थट्टा करीत आले आहे. खुंट-ताडपत्रीच्या जागी घडीचा तयार मांडव बाजारात मिळू लागला, परंतु त्याचे पाय इतके हलके की पाण्याने भरलेली पिंपे बांधल्यावाचून तो अंगणात ठरत नाही.

2004 च्या बांधकाम कायद्याने वीस चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या मोटारछपरास परवान्यातून सूट दिली. साहजिकच कालांतराने ताडपत्री जाते, नालीदार पत्रा चढतो आणि दोन महिन्यांच्या बोलीने उभा केलेला मांडव कायमचा होतो. मोटार मात्र त्याखाली क्वचितच आढळते, कारण तोवर ती जागा गवत कापण्याचे यंत्र, झिजलेली टायरे आणि कोणत्या गाडीचे हे आता कोणालाच न आठवणारे एक दार, यांनी व्यापलेली असते.