उष्णतारोधक घरबांधणी : कोल्हापूर जिल्हा

छपरातून आणि भिंतींतून घरात शिरणारी उष्णता रोखणारी किंवा तिला उशीर लावणारी, आणि त्यायोगे पंखा, कूलर, वातानुकूलन यंत्र यांवरचा विजेचा खर्च कमी करणारी बांधकामाची रीत. थंड देशांतल्या बांधकामशास्त्रात भिंतीच्या पोकळीत रोधक भरण्याला जे महत्त्व आहे, ते कोल्हापुरात छपराला द्यावे लागते. छपराच्या खालोखाल प्रश्न आहे तो पावसाचा. थंडीचा त्रास जिल्ह्यात नाममात्र आहे.

हवामान : कोल्हापूर शहर सुमारे १६° ४२′ उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास वसले आहे. या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पहिल्यांदा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला, जेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असते. मेमध्ये दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ ऊन पडत नाही. सगळा मारा गच्चीवर होतो आणि तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर. डिसेंबरात मात्र भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते आणि ते हवेहवेसे वाटते. जमेची बाजू अशी की मेमध्येही पहाटेचे तापमान साधारण २२-२३ अंशांपर्यंत उतरते. रात्री खिडक्या उघड्या ठेवून घर गार करून घेता येते, मात्र स्लॅबने दिवसभर साठवलेली धग रात्री खोलीत सोडता कामा नये.

पावसाचे मान जिल्ह्याच्या दोन टोकांना इतके वेगळे आहे की एकच बांधकाम दोन्हीकडे चालत नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर, शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळकडे त्याच्या साधारण निम्मा पाऊस पडतो. हे सारे रस्त्याने जेमतेम शंभर किलोमीटरांच्या अंतरात घडते. भिजलेली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता अधिक वाहून नेते, कारण तिच्या छिद्रांतल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते. म्हणून पश्चिमेच्या तालुक्यांत भिंत कोरडी ठेवणे हेच रोधनाचे पहिले काम ठरते.

जुनी घरे : ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात सातवाहन काळातली भाजक्या विटांची घरे उजेडात आली. गावठाणातली आज उभी असलेली जुनी घरे त्या मानाने अगदी अलीकडची आहेत. काळ्या दगडाचे जोते, त्यावर वीट किंवा मातीची जाड भिंत, दर्शनी सोपा, आत माजघर, वर माडी आणि कौलारू छप्पर अशी त्यांची घडण. दोन-दोन फूट जाडीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत रात्र होते.

या घरांचे खरे रोधक म्हणजे माळा. कौले उन्हात भाजून निघाली तरी त्यांच्या फटींतून गरम हवा निसटून जाते. खाली लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर मातीचा थर किंवा शेणी, कडबा, जळण यांची रास असे, त्यामुळे माजघरापर्यंत फारच थोडी धग उतरे. ही रचना उष्णतेच्या हिशेबाने कोणी मुद्दाम आखली असे म्हणता येणार नाही. साठवणाची सोय करता करता ती साधली आणि टिकली. पुढे नळीच्या कौलांच्या जागी मंगलोरी कौले आली, छप्पर हलके झाले, पण माळा राहिला. माळा गेला तो स्लॅबमुळे.

पश्चिमेकडे जांभा दगड, कारवीचे शेणामातीने लिंपलेले कूड, फार उतरते छप्पर आणि पावसाच्या तोंडाला पडवी असे. झडीची भिंत पावसाळ्यापुरती गवताच्या किंवा पाल्याच्या ताट्यांनी झाकण्याची रीत होती. पूर्वेकडे, पुढे सांगली-विजापूरच्या बाजूला, माळवदाची घरे लागतात. लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असलेले हे सपाट छप्पर उन्हाला उत्तम, पण वजनाला घातक. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड छपरे यांनीच सर्वाधिक बळी घेतले. कोल्हापूरला ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण जवळची आहे. त्यामुळे ‘मातीच्या घरांकडे परत चला’ हा सल्ला इथे आडवे पट्टे आणि कोपऱ्यांची बांधणी सांगितल्याशिवाय देऊ नये.

पन्हाळ्याचा अंबरखाना : हे घर नव्हे, कोठार. पण जाड दगडी आच्छादनाखाली आतली हवा कशी स्थिर राहते हे पाहायला जिल्ह्यात याहून चांगले ठिकाण नाही. गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्यांपैकी गंगा कोठी सर्वांत मोठी. तिने सुमारे ९५० चौरस मीटर जागा व्यापली असून उंची दहा मीटरांहून थोडी अधिक आहे. धान्य २५ हजार खंडी मावत असे असे सांगतात. बाहेरच्या जिन्याने वर चढून घुमटाकार छतातल्या झरोक्यांतून धान्य आत ओतत. काही जण कोठीचे मूळ शिलाहारांपर्यंत नेतात, आजची बांधणी मात्र विजापुरी वळणाची दिसते. काळाबद्दल एकमत नाही. बांधकामाच्या दृष्टीने पाहण्यासारखी गोष्ट ही की उघडी तोंडे अगदी कमी, दगडाचे वस्तुमान प्रचंड आणि छताला पाणी ओघळून जाईल असा बाक आहे. पन्हाळ्याच्या धो-धो पावसात धान्य कोरडे राहिले ते या तिन्हींच्या मेळामुळे. उबदार आणि दमट हवा आत शिरून गार दगडावर घाम धरते, हा अशा जाड बांधकामाचा दोष. म्हणून माणसांच्या घराला तीच युक्ती जशीच्या तशी लावता येत नाही. घराला खिडक्या लागतात.

स्लॅब : शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या वस्त्यांत घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याच्या सावलीत, मग ऊन लागते ते फक्त गच्चीला आणि रस्त्याकडच्या तोंडाला. अशा घरात भिंतीवर खर्च करणे व्यर्थ आहे.

काँक्रीटची उष्णतावाहकता १.५८, भाजक्या विटेची ०.८१, मातीच्या विटेची ०.७५ वॅट प्रतिमीटर-केल्व्हिन धरतात. पाच इंची उघड्या स्लॅबमधून प्रत्येक अंश फरकाला, प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे ३.४ वॅट उष्णता खाली येते. निवासी इमारतींसाठी ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेत छपरासाठी ही मर्यादा १.२ आहे. म्हणजे नेहमीची गच्ची मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट उष्णता आत घेते. त्यावर चार इंची ब्रिकबॅट कोबा घातला तरी आकडा २.४ च्या आसपासच थांबतो. गळती थांबते, पण गरमी थांबत नाही. पंचवीस मिलिमीटरचा एक्सपीएस (घट्ट पॉलिस्टायरीनचा) फोम कोब्याखाली टाकला तर तोच आकडा ०.९ पर्यंत उतरतो. नवीन गच्ची करताना हा थर टाकणे हा या जिल्ह्यातला सर्वांत शहाणा खर्च आहे, आणि नेमका तोच बहुतेक अंदाजपत्रकांतून गळतो.

जुन्या गच्चीवर सोपे उपाय चालतात. ताजा पांढरा चुना किंवा चिनी मोझॅक दोन-तृतीयांशाहून अधिक ऊन परत फेकतो. काळवंडलेला कोबा फार तर तिसरा हिस्सा. मात्र चुना पावसात धुऊन जातो आणि दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा लावावा लागतो. गळतीला कंटाळून गच्चीवर पत्र्याचे शेड उभारण्याची प्रथा गेल्या काही वर्षांत फार पसरली आहे. शेडच्या बाजू उघड्या ठेवल्या तर स्लॅबला सावली मिळते, मधून वारा वाहतो आणि माळ्याचे जुने काम नव्याने होते. बाजू बंद करून तिथे खोली काढली की ती खोली भट्टी बनते. तापलेला पत्रा आपली धग थेट खाली टाकतो, आणि अशा खोल्यांत भाड्याने राहणाऱ्यांना ती सर्वाधिक सोसावी लागते.

भिंती : एएसी (हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या काँक्रीटचे) ठोकळे हलके व चांगले रोधक, पण पाणी शोषतात, म्हणून बाहेरचा गिलावा काटेकोर हवा. लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केलेल्या पोकळ वीटबांधणीत सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. पश्चिमेच्या भिंतीला पडवी किंवा झाडाची सावली मिळाली तर ती कोणत्याही रोधकाइतकी उपयोगी पडते.

उसाचे पाचट : ऊसतोड मजुरांच्या कोप्यांना आणि गोठ्यांच्या छपरांना वापरतात. रोधक म्हणून गुणवान. आगीला व वाळवीला असुरक्षित.

पूर : २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत मातीच्या असंख्य भिंती कोसळल्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले आणि कित्येक दिवस उतरले नाही. शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगेच्या काठच्या गावांत म्हणून रोधकाची निवड पाण्याला विचारूनच करावी लागते. काचलोकर आणि जिप्सम फलक एकदा बुडाले की निकामी होतात. बंद पेशींचा फोम, भाजकी वीट आणि चुन्याचा गिलावा वाळून पुन्हा कामाला येतात. खालच्या मजल्यावर रोधक टाळून सारा खर्च छपरावर करणे इथे अधिक योग्य.

नियम : राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना वाढीव चटईक्षेत्र दिले आहे. इको निवास संहिता मुळात ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील निवासी इमारतींसाठी आखली आहे. पेठांतली खेटून उभी असलेली घरे आणि गावठाणातली दोन-तीन गुंठ्यांतली बांधकामे या मापात बसत नाहीत.