साथ ओसरल्यावर

गिरणीकामगारांच्या चळवळीचे आद्य प्रवर्तक नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालीं ठाणें येथें झाला. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मुंबईंत कामगारांच्या सभा भरविल्या व साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार करविला. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति, इजा झाल्यास भरपाई, या मागण्यांबरोबर त्यांत आणखी एक साधें मागणें होतें : महिन्याचा पगार निदान पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. रविवारची सुट्टी १८९० सालीं मिळाली. पगार मात्र मागेंच अडकून राहिला. अडकलेला पगार ही कामगाराच्या पायांतील बेडीच होती. काम सोडावें तर घाम गाळून मिळविलेला पैसा बुडण्याचें भय !

ही बेडी तुटली ती अर्जानें नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, आणि लोक शहर सोडूं लागले. कोंकणचे बोटीनें गेले, देशावरचे आगगाडीनें. पुण्याचा व नाशिकचा रस्ता जेथें फुटतो त्या कल्याण जंक्शनवर उतारूंची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. सव्वाआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या शहरांतून १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मी माणसें निघून गेलीं.

गिरण्या उभ्या, पण माणूस नाहीं, अशी मालकांची स्थिति झाली. मग नाक्यानाक्यावर मजुरांचा जणूं लिलाव होऊं लागला. जो अधिक देई त्याच्या दारीं मजूर जाई. महिन्याच्या पगाराऐवजीं रोजची मजुरी रोजच हातावर पडूं लागली. बारा वर्षांच्या विनंत्यांनीं जें साधलें नाहीं तें माणसांच्या टंचाईनें कांहीं आठवड्यांत साधलें. लोखंडे यांस तें फार दिवस पाहावयास मिळालें नाहीं. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां तेच त्या रोगास बळी पडले. तो महिना १८९७ चा फेब्रुवारीच होता. पुढें साथ ओसरली, माणसें परतलीं, आणि मालक पुनः मासिक पगाराकडे वळले. टंचाईनें दिलेलें टंचाईबरोबर गेलें.

सव्वाशें वर्षें लोटलीं, आणि लोखंडे यांच्या जन्मजिल्ह्यांतच तोच प्रसंग पुनः उभा राहिला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. भिवंडीचे यंत्रमाग थांबले. आणि जेथें मजुरी विणलेल्या कापडावर मोजली जाते, तेथें माग थांबला कीं चूल थांबते. उत्तरेकडील मजूर कुटुंबांसह नाशिकच्या रस्त्यानें कसारा घाटाकडे पायीं निघाले. मे महिन्याच्या आरंभीं भिवंडीहून गोरखपूरकडे श्रमिक गाडी सुटली.

पावसाळ्यांत कारखाने पुनः चालूं लागले, तेव्हां जुनाच प्रश्न आला : माणूस कोठें आहे ? ६ जुलै २०२० रोजीं राज्य सरकारनें 'महाजॉब्स' ही नोंदणीची योजना सुरू केली. परंतु ती राज्यांतील रहिवाशांसाठीं होती. परप्रांतास परतलेला विणकर तींत कसा बसणार? त्याला बोलाविलें तें मालकांनीं व मुकादमांनीं, कोणी प्रवासखर्च धाडून, कोणी उचल देऊन. वस्तुतः स्थलांतरित मजुरांविषयींच्या १९७९ च्या कायद्यानें कंत्राटदारावर विस्थापनभत्ता व प्रवासभत्ता देण्याचें बंधन घातलेंच होतें. पण ज्याचें नांव कोणत्याच वहींत नाहीं, त्याच्या हातीं तो भत्ता पडावा कसा? असंघटित मजुरांची देशव्यापी नोंद घेणारी 'ई-श्रम' योजना निघाली ती २६ ऑगस्ट २०२१ रोजीं, म्हणजे माणसें गेल्यावर सतरा महिन्यांनीं.

साथीनंतर मजुरास काम मिळवून देणें हें सर्वांत अवघड कार्य नव्हे. गिरणीला व मागाला त्याची गरज असतेच. अवघड असतें तें, त्याची गरज तीव्र असतांना मिळालेला हक्क गर्दी परतण्यापूर्वीं कागदावर उतरविणें. १८९७ सालीं तें राहून गेलें. पगाराची तारीख ठरवून मागणाऱ्या ठाण्याच्या त्या पुरुषास या गोष्टीचें मर्म प्लेगच्या बारा वर्षें आधींच कळलें होतें.