धरणाखालच्या माणसाला आधी सांगावे

धरणफुटीच्या तयारीचा विषय निघाला की जबाबदार माणसांच्या तोंडूनही एक मत हमखास ऐकू येते : धरण फुटल्यास पाणी कुठवर आणि किती वेळात येईल, हे लोकांना आधी सांगू नये. घबराट पसरेल, अफवांना ऊत येईल, आणि धोका खरोखर आलाच नाही तर पुढच्या वेळी कोणी ऐकणार नाही. म्हणून नकाशे कार्यालयातच राहू द्यावेत. वेळ आली तर प्रशासन निर्णय घेईल. हे मत मांडणारे बेफिकीर नसतात, त्यांना खरोखरच माणसांची काळजी असते. म्हणून ते वरवर झटकून चालणार नाही. तरीही माझे म्हणणे स्पष्ट आहे : हे मत चुकीचे आहे आणि धोक्याच्या रात्री ते जीवघेणे ठरते.

पूर्वपक्षाकडे पुरावे आहेत. ऑगस्ट १९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्ट जर्व्हिस या गावाला महापुराचा तडाखा बसला, आणि त्यातच वरचे धरण फुटल्याची बातमी गावभर पसरली. धरण शाबूत होते, तरीही साधारण चौथा हिस्सा लोक घरे सोडून पळाले. या प्रसंगावर समाजशास्त्रज्ञांनी स्वतंत्र अभ्यास केला. दुसरा दाखला उलट बाजूचा. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनच्या वर असलेले साउथ फोर्क धरण फुटणार, अशी हूल वर्षानुवर्षे उठत असे. ३१ मे १८८९ रोजी धोक्याच्या तारा खरोखरच सुटल्या, पण त्या फारशा कोणी मनावर घेतल्या नाहीत. त्या दिवशी २,२०९ माणसे गेली.

दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष पूर्वपक्षाच्या उपयोगाचा नाही. पोर्ट जर्व्हिसचे लोक अफवा ऐकून पळाले. अधिकृत सूचनेने माणसे सैरभैर होतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. जॉन्सटाउनला तारेने धोका कळला, पण कोणत्या खुणेला कोणी निघायचे आणि निघण्याचा हुकूम कोणी द्यायचा, हे कधी ठरलेच नव्हते. एका गावाने ऐकीव गोष्टीवर फार विश्वास ठेवला, दुसऱ्याने फार कमी. आधीपासून माहीत असलेली, ताडून पाहता येईल अशी व्यवस्था असती तर पहिल्या गावाला थांबता आले असते आणि दुसऱ्याला निघता.

घबराटीच्या कल्पनेचीच आधी परीक्षा व्हायला हवी. एन्रिको क्वारंटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्ती-संशोधन केंद्र उभे केले. तिथून पुढे दशकानुदशके झालेल्या कामातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : आंधळी पळापळ दुर्मीळ असते. धोका कळल्यावर माणूस शेजाऱ्याला विचारतो, मुले कुठे आहेत ते पाहतो, आणखी एका ठिकाणाहून खात्री करून घेतो आणि मग निघतो. लोक उशिरा निघतात, ही खरी अडचण आहे. लोक असेच वागणार असतील, तर सूचना दडपून ठेवणे म्हणजे त्यांचा विचारपूस करण्याचा वेळही काढून घेणे.

१२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाचा आपत्कालीन सांडवा झिजत चालला, तेव्हा सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना बाहेर पडायला सांगण्यात आले. रस्ते तुंबले, हाल झाले, पण पाण्याने कोणाचा बळी घेतला नाही. शेवटी सांडवा टिकला आणि दोन दिवसांनी लोक घरी परतले. याला फुकटची धावपळ म्हणणाऱ्यांनी आयडाहोतले टेटन धरण आठवावे. ५ जून १९७६ रोजी सकाळी तिथे गळती दिसली. साडेदहानंतर खालच्या परगण्यांच्या शेरीफना फोन गेले आणि बाराच्या ठोक्याला धरण फुटले. सुमारे तासाभराची ती पूर्वसूचना. एवढ्या मोठ्या धरणाचे पाणी गावांवरून गेले, तरी मृतांचा आकडा ११ वर थांबला.

या तासाचे मोल आकड्यांतही मांडले गेले आहे. कर्टिस ब्राउन आणि वेन ग्रॅहम यांनी १९८८ मध्ये जुन्या धरणफुटींचा अभ्यास करून जीवितहानीच्या अंदाजाची सूत्रे दिली. सूचना पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ आधी मिळाली तर पुराच्या वाटेतली निम्मी माणसे दगावतील असे धरावे. दीड तासाहून आधी मिळाली तर दहा हजारांत दोन. सूत्रे ढोबळ आहेत, पुढे त्यांत सुधारणाही झाल्या. तरी भिंत तीच आणि पाणी तेच असताना केवळ वेळेने किती फरक पडतो, हे त्यांतून लख्ख दिसते.

आपल्याकडे हा वेळ जवानांनी अंगमेहनतीने मिळवून दिला होता. जुलै १९६१ मध्ये पानशेतचे मातीचे धरण अपुऱ्या बांधकामानिशी भरले आणि विमोचकावरचा, म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गावरचा, भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण सकाळपर्यंत तगवले. १२ तारखेला ते फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे जुने दगडी धरणही फुटले, पण पाणी पुण्यात शिरले तेव्हा दिवस होता. पाणी मध्यरात्री आले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. त्या जवानांबद्दल मला अपार कृतज्ञता वाटते, आणि म्हणूनच एक प्रश्न सोडवत नाही : पोत्यांनी विकत घेतलेल्या त्या तासांत नदीकाठच्या पेठा कोणी उठवायच्या, कोणत्या वाटेने न्यायच्या, हे आधी ठरलेले असते तर?

इथे पूर्वपक्षाचा शेवटचा बुरूज येतो, 'वेळ आली तर प्रशासन निर्णय घेईल.' प्रत्यक्षात काय होते? धरणावरचा चौकीदार शाखा अभियंत्याला कळवतो, तो उपविभागाला, उपविभाग कार्यकारी अभियंत्याला. तिथून जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील. प्रत्येक पायरीवरचा माणूस 'नक्की का?' असे विचारतो, कारण चुकीचा इशारा दिल्याचा ठपका त्याच्यावर येणार असतो. घबराटीच्या भीतीचा परिणाम असा वरच्या कार्यालयांतच आधी दिसतो. चांगला आपत्कालीन कृती आराखडा नेमकी हीच कोंडी फोडतो. गळतीचे पाणी गढूळ झाले, माथ्याला तडा गेला, पाणी अमुक पातळीवर चढले, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा तो ठरवतो, आणि कोणत्या खुणेवर कोणी परवानगीशिवाय भोंगा वाजवायचा हे नावानिशी लिहून ठेवतो. निर्णय शांत दिवशी झालेला असतो. रात्री फक्त अंमल उरतो.

निरोप पोहोचण्याची वाटही एकच असून भागत नाही. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातेत मच्छू-२ धरणाच्या सांडव्याच्या क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त पाणी आले, दोन्ही बाजूंचे मातीचे बांध वाहून गेले आणि मोरबी शहर बुडाले. दूरध्वनी बंद पडले होते. मृतांचे अंदाज अठराशेपासून पंचवीस हजारांपर्यंत आहेत. माणसे मोजता येऊ नयेत, इतका तो गोंधळ.

नकाशे उघड केले तर घातपात्यांच्या हाती लागतील, हा आक्षेपही मला पटत नाही. धरण कुठे आहे हे साऱ्या जगाला दिसते. पाण्यापासून वाचण्याची वाट तेवढी खालच्या माणसापासून लपते.

धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. जुन्या धरणांचे आपत्कालीन आराखडे पाच वर्षांत करायचे आहेत, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरअखेर. देशात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, त्यामुळे कागदांचा ढीग होईल यात शंका नाही. ते आराखडे जिवंत आहेत की नाहीत, हे पाहायला धरण फुटण्याची वाट पाहावी लागत नाही. दर पावसाळ्यातला विसर्ग ही त्यांची रंगीत तालीमच आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. नेहमीच्या विसर्गाचा निरोप ज्या वाटेने पोहोचत नाही, त्याच वाटेने धरणफुटीचा निरोप जायचा आहे.

आणि निरोप नेहमी वरूनच खाली येतो, हेही गृहीत धरू नये. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे मेली. त्या धरणाच्या गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. खुणा ओळखणारे डोळे खाली होते, पण पाहिलेल्या खुणेवरून भोंगा वाजवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. ज्या आराखड्यात गावकऱ्याचा फोन कोणी घ्यायचा आणि किती मिनिटांत धरणावर जाऊन पाहायचे हे लिहिलेले नसेल, तो जिल्हाधिकाऱ्यांनी परत पाठवावा.