कोंबडी, अंडी आणि व्हेंटिलेटर

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. धीर होत नव्हता, कारण घरातलीच मंडळी वाचणार. पण आता आत्याचं वर्षश्राद्धही होऊन गेलं, तेव्हा लिहून टाकतो.

मागच्या वर्षी आत्याला दवाखान्यात ठेवलं होतं. वय एक्याऐंशी, दोन्ही मूत्रपिंडं थकलेली, त्यात न्यूमोनिया. तिसऱ्या रात्री डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावलं आणि विचारलं, "श्वास कमी पडतोय. व्हेंटिलेटर लावायचा का? तुम्ही ठरवा." दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, लगेच म्हणाला, "विचारताय काय, लावा!" मी म्हणालो, "दादा, आत्या काय म्हणायची आठव. नळ्या नकोत म्हणायची." दादा माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे आईला मारायचं?"

शेवटी दादानेच मान हलवली. व्हेंटिलेटर लावला नाही. दोन दिवसांनी आत्या गेली. आणि त्यानंतर दादा माझ्याशी कामापुरतंच बोलू लागला.

त्याचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. नळी न लावणं म्हणजे मारणं का? या प्रश्नावर कोणीतरी आपल्या आधी विचार केला असेलच, म्हणून वाचायला लागलो. वाचता वाचता पोचलो कुठे, तर ख्रिस्ती धर्मशास्त्रात! आम्ही पक्के पंढरीचे वारकरी घराणे, पण म्हटलं, चांगलं सापडलं तर घ्यावं.

गोष्ट सुरू होते सोळाव्या शतकात, स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात. तिथे फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया नावाचे डॉमिनिकन पंथाचे एक धर्मगुरू शिकवत. आत्महत्या पाप, हे ख्रिस्ती धर्मात ठरलेलं. मग त्यांच्यापुढे प्रश्न असा, की आजाऱ्याला अन्नच जात नसेल आणि तो जेवला नाही, तर तीही आत्महत्या का? व्हिटोरियांचं उत्तर मोठं शहाणपणाचं आहे. घास गिळणं म्हणजे यातनाच होऊन बसली असेल, तर न खाणाऱ्याला पाप लागत नाही. आणि वैद्याने कोंबडी आणि तित्तिर खायला सांगितले, तरी माणसाने अंडी आणि साधं अन्न खाल्लं तर चालेल. जीव जपणं कर्तव्य आहे, पण जगातला प्रत्येक उपाय करून जीव लांबवणं हे कर्तव्य नाही.

पुढे १५९५ साली त्याच परंपरेतल्या डोमिंगो बान्येझ यांनी या विचाराला दोन शब्द दिले: साधारण उपाय आणि असाधारण उपाय. साधारण उपाय करायलाच हवेत. असाधारण उपाय केले तर चांगलं, नाही केले तर दोष नाही. तेव्हा भूल नव्हती. पाय कापून घेणं ही केवढी यातना! ती सोसायलाच हवी असं देव सांगत नाही, असा त्याचा अर्थ.

मग जवळपास साडेतीनशे वर्षांनी व्हेंटिलेटर आले. आणि ब्रूनो हाइड नावाच्या एका ऑस्ट्रियन भूलतज्ज्ञाने थेट पोपनाच विचारलं, की बेशुद्ध माणसाला या यंत्रावर ठेवायलाच हवं का? घरच्यांनी काढा म्हटलं तर काढता येईल का? पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे भाषण करून उत्तर दिलं. साधारण उपाय कोणते, हे माणूस, ठिकाण, काळ यांवर अवलंबून आहे, आणि स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार मोठं ओझं टाकणारा उपाय बंधनकारक नाही, असं त्यांनी सांगितलं. मृत्यू नेमका कधी झाला हे ठरवणं चर्चचं काम नाही, डॉक्टरांचं आहे, असंही ते म्हणाले. पोपकडून असं उत्तर येईल असं मला मुळीच वाटलं नव्हतं.

पण भाषण वेगळं आणि माणसाच्या घरात घडणं वेगळं. ते घडलं १९७५ साली, अमेरिकेत न्यू जर्सीत.

कॅरन अॅन क्विनलन, वय एकवीस. एप्रिलमध्ये एका रात्री दारू आणि गोळ्या पोटात गेल्यावर ती कोसळली, काही काळ श्वास थांबला, आणि मेंदूला जी इजा झाली ती झालीच. ती शुद्धीवर आली नाही. तिला डेनव्हिल गावच्या सेंट क्लेअर्स या कॅथलिक इस्पितळात व्हेंटिलेटरवर ठेवलं. आईवडील जोसेफ आणि ज्युलिया श्रद्धाळू कॅथलिक, मुलगी दत्तक घेतलेली. महिन्यांमागून महिने गेले. यंत्र काढावं असं आईला आधी वाटू लागलं. वडील मात्र तयार होईनात, मुलगी उठेल अशी त्यांना आशा होती. गावच्या चर्चचे फादर ट्रापासो यांच्याशी ते बोलले. फादरनी त्यांना पोप पायस यांचीच शिकवण समजावली, की हा असाधारण उपाय आहे, तो थांबवणं म्हणजे मारणं नव्हे. जुलैच्या अखेरीस वडिलांनी सही केली.

आणि डॉक्टरांनी नकार दिला! वैद्यकाच्या रीतीत हे बसत नाही, म्हणाले. खुनाचा आरोप होईल ही धास्तीही होतीच. इस्पितळ कॅथलिक, आईवडील कॅथलिक, आणि प्रकरण कोर्टात. तिथल्या बिशप केसी यांनी आईवडिलांच्या बाजूने निवेदन काढलं. तरी नोव्हेंबरमध्ये खालच्या कोर्टाने नाही म्हटलं. शेवटी ३१ मार्च १९७६ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वडिलांच्या बाजूने निकाल दिला. निकालाचा आधार धर्म नव्हता, खाजगीपणाचा हक्क होता. चर्चचं मत कोर्टाने विचारात घेतलं ते एवढ्यापुरतंच, की या बापाची सदसद्विवेकबुद्धी कशी आहे ते कळावं. असा निर्णय घेताना इस्पितळातल्या नीतिविषयक समितीचा सल्ला घ्यावा असंही कोर्टाने सांगितलं. अशा समित्या पुढे ठिकठिकाणी निघाल्या, त्यामागे हा निकाल आहे.

मे महिन्यात व्हेंटिलेटर हळूहळू काढला. आणि कॅरन स्वतःच श्वास घेऊ लागली! सगळ्यांचे अंदाज चुकले. नर्सिंग होममध्ये ती नऊ वर्षं जगली, बेशुद्धीतच, आणि ११ जून १९८५ रोजी न्यूमोनियाने गेली. या नऊ वर्षांत नळीतून अन्न देणं थांबवा असं आईवडील कधीच म्हणाले नाहीत. यंत्राचा श्वास त्यांना उपचार वाटत होता, अन्न म्हणजे मुलीचं जेवण वाटत होतं. १९८० साली त्यांनी तिच्या नावाने मरणासन्न रुग्णांसाठी हॉस्पिस सुरू केलं.

मला इथे थांबावंसं वाटलं. यंत्र काढायला सांगणारी माणसं मुलीच्या मरणाची वाट बघत नव्हती. ती जगली तर तिला सांभाळत राहिली.

ख्रिस्ती लोकांचं यावर एकमत आहे असं मात्र कोणी समजू नये. जोसेफ फ्लेचर हे एपिस्कोपल पंथाचे धर्मगुरू. त्यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात इच्छामरणाचीही बाजू घेतली. मेथॉडिस्ट पॉल रॅम्झी यांनी १९७० साली उलट सांगितलं, की मरणाऱ्याला मारायचं नाही आणि उपचारांनी छळायचंही नाही, त्याची सोबत करायची. आणि अन्नाच्या नळीवर तर कॅथलिकांतही वाद झाला. २००४ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं, की अन्नपाणी नळीतून दिलं तरी तत्त्वतः तो साधारण उपायच आहे. पुढच्याच वर्षी फ्लोरिडात टेरी शायव्हो यांची नळी कोर्टाच्या आदेशाने काढली गेली, तेव्हा अमेरिका दुभंगली होती. ३१ मार्च २००५ ला त्या गेल्या. दोनच दिवसांनी स्वतः पोप गेले, पुन्हा इस्पितळात न जाता, आपल्या खोलीत.

चर्च "मारणं" या शब्दाला एवढं का जपतं, त्यालाही इतिहास आहे. नाझी जर्मनीत अपंग आणि मनोरुग्णांना "दयेचं मरण" या गोंडस नावाखाली मारत होते. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी चर्चमध्ये उभं राहून उघड सांगितलं, की हा खून आहे. आज हे निरुपयोगी, तर उद्या आपले म्हातारे, आपले जखमी सैनिकही निरुपयोगी ठरतील. तोवर सत्तर हजारांवर माणसं मारून झाली होती. त्याच महिन्यात हिटलरने ती मोहीम अधिकृतपणे थांबवली, चोरून मात्र मारणं चालूच राहिलं. हे वाचल्यावर दादाचा राग मला निराळा दिसू लागला. "मारायचं का?" हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा असतो.

आपल्याकडचं उदाहरण सगळ्यांना आठवेल. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग. १९७३ साली त्यांच्यावर हल्ला झाला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाबतीतली याचिका फेटाळली, पण निष्क्रिय इच्छामरणाचं दार किलकिलं केलं. केईएमच्या परिचारिकांना त्यांचं अन्न थांबवणं मान्य नव्हतं. त्यांनी अरुणाताईंना २०१५ पर्यंत सांभाळलं. क्विनलनच्या बापाला नळीतलं अन्न जेवण वाटत होतं आणि परळच्या परिचारिकांनाही तसंच वाटलं. धर्म वेगळा, देश वेगळा, पण घास भरवणाऱ्या हाताला एकच कळतं. मग ९ मार्च २०१८ च्या निकालाने आपल्याकडेही माणसाला आधीच लिहून ठेवता येऊ लागलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने त्याची पद्धत थोडी सोपी केली. आत्याने लिहिलं असतं तर... असो.

रॅम्झी म्हणतात ती सोबत प्रत्यक्षात कशी असते, हे लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढून दाखवलं. त्या आधी परिचारिका, मग डॉक्टर, आणि श्रद्धेने ख्रिस्ती. वेदना आवरायची, माणसाला एकटं पडू द्यायचं नाही. मुंबईत १९८६ पासून वांद्र्याला माउंट मेरीच्या टेकडीवर कर्करोगाच्या रुग्णांसाठी शांती आवेदना सदन आहे, तेही याच वाटेवरचं. उपचार थांबतात, सेवा थांबत नाही.

आता पुन्हा त्या रात्रीकडे येतो. आत्याला व्हेंटिलेटर लावला नाही, पण पुढचे दोन दिवस दादा तिच्या उशाशी बसून होता. ओठ कोरडे पडले की कापसाने ओले करायचा. पाय चेपायचा. हरिपाठ म्हणायचा, तोही चुकत चुकत. मी बाहेर फॉर्म भरत होतो, फोन करत होतो आणि स्वतःला बरोबर समजत होतो. माझं म्हणणं चूक होतं असं आजही मला वाटत नाही. पण आत्याची सोबत मी नाही, दादाने केली.

क्विनलन घराण्यातही बाप सगळ्यांत शेवटी तयार झाला होता. शेवटी तयार होणारा माणूस अडाणी असतो असं नाही. त्याचा हात सुटायला वेळ लागतो, एवढंच.

दादा, तू हे वाचशील की नाही माहीत नाही. त्या रात्री तू आत्याला मारलं नाहीस. मीही नाही. आपण फक्त कोंबडीचा आग्रह धरला नाही. शेवटचे दोन घोट पाणी तिला तुझ्याच हातचं मिळालं.

रविवारी घरी येतोय. चहा टाकून ठेव.